तांदूळ त्यांचा, तूर आपली

राजेहो, मोबाईलवर एक मजकूर फिरून राहिला. जगात विकल्या जाणाऱ्या तांदळातला 40 टक्के भारताचा, अन् फिलिपाईन्सवाले बाहेरून आणून खातात. तेही आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था 1960 पासून त्यांच्याच देशात असताना. खाली हसायची चित्रं. गोष्ट खरी आहे. पण हसण्याआधी आपल्या वरणाची वाटी पाहा.

फिलिपाईन्सने 2024 मध्ये 48 लाख टनांच्या आसपास तांदूळ आणला. चार घासांतला एक घास बाहेरचा, थोडा जास्तच. आता आपली तूर. 2024-25 मध्ये देशात 35 लाख टनांच्या आसपास पिकली अन् 12 लाख टनांच्या वर मोझांबिक, म्यानमार, टांझानिया, मलावीकडून आली. हिशेब तोच, चारातली एक वाटी. खाद्यतेलाचं तर निम्म्याहून जास्त बाहेरचं, सोयाबीनवाल्यांना सांगायची गरज नाही.

मग फरक कुठं आहे? त्यांनी 2019 मध्ये कायदा करून आयातीचा कोटा काढला अन् 35 टक्के शुल्क लावलं. भाताचे भाव तिथंही पडले, शेतकरी तिथंही बोंबलले. पण त्या कायद्यानं वर्षाला 10 अब्ज पेसो भातवाल्यांच्या यंत्रासाठी, बियाण्यासाठी, कर्जासाठी बांधून ठेवले. 2024 च्या डिसेंबरात ते 30 अब्ज केले. मधात शुल्क 15 टक्क्यांवर आणायची चूक केली, भाव आणखी कोसळले, तर 1 सप्टेंबर 2025 पासून साध्या तांदळाची आयातच थांबवली. आधी साठ दिवस, मग वर्षअखेरपर्यंत. उशिरा केलं, पण केलं.

आपल्याकडं मे 2021 मध्ये तुरीची आयात मोकळी केली. मार्च 2023 मध्ये 10 टक्के शुल्कही काढलं. तेव्हापासून मुदतवाढ, मुदतवाढ, ती 31 मार्च 2026 पर्यंत नेली. म्हणजे ज्या जानेवारी-फेब्रुवारीत आमची तूर पुलगावच्या यार्डात येते, त्याच महिन्यांत दरवाजा सताड उघडा. 2024 मध्ये तूर दहा हजारांच्या वर होती तेव्हा आयात केली, त्यावर माझं भांडण नाही. शहरातल्या मजुरालाही वरण लागते. पण 2025 मध्ये नवीन तूर आली, भाव 7550 च्या हमीभावाखाली गेला, तरी शुल्क शून्यच. अन् शून्य शुल्कातून शेतकऱ्यासाठी निधी तरी कसा निघणार?

कृषीवाले साहेब म्हणतात, उत्पादकता वाढवा. वाढवतो ना. बदनापूरची बीडीएन 711 लावली, अकोल्याची पीकेव्ही तारा लावली. मर रोग पाहिला, शेंग पोखरणारी अळी पाहिली, फुलावर धुवारी पडली की फुलं गळतात तेही पाहिलं, रात्री रोही अन् डुकरं राखली. देशाची सरासरी हेक्टरी आठ-नऊ क्विंटलच आहे, ती वाढलीच पाहिजे. पण हमीभावाखाली विकून माणूस पुढच्या वर्षी तुरीत पैसा घालते का सोयाबीन-कपाशीकडं वळते, याचं उत्तर साहेबांनी वावरात येऊन द्यावं.

2015 मध्ये डाळ दोनशेला गेली तेव्हा 2016 मध्ये मोझांबिकसोबत करार केला. त्याच हंगामात आपल्या लोकांनी एवढी तूर पिकवली की 2017 मध्ये खरेदी केंद्रावर बारदाना पुरला नाही. भाव दिसला की शेतकरी पिकवून दाखवते, हे तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

माझं म्हणणं एवढंच. बाजारभाव हमीभावाखाली गेला की शुल्क आपोआप लागलं पाहिजे, त्याचा पैसा तुरीच्याच बियाण्यात अन् साठवणुकीत गेला पाहिजे. अन् आयातीचं धोरण मे महिन्यात, पेरणीआधी सांगा. 2025-26 च्या हंगामाचा हमीभाव 8000 होता. तूर शेंगेवर आल्यावर आयातीचं पुढं काय, हे विचारत बसायची पाळी शेतकऱ्यावर येऊ नये.