गाण्यांचा सातबारा

९ एप्रिल २०२१, शुक्रवार. महाराष्ट्रात त्या रात्री आठपासून पहिला वीकएंड लॉकडाऊन. अख्खी जनता दूध, भाजी आणि मॅगी भरून ठेवण्याच्या गडबडीत! नेमक्या त्याच दिवशी टेलर स्विफ्टचा 'फिअरलेस (टेलर्स व्हर्जन)' रिलीज झाला. आमच्या ग्रुपवर पहिला मेसेज काय? 'अगं, हा तर जुनाच अल्बम आहे ना? परत कशाला?'

प्रश्न एकदम रास्त. मूळ 'फिअरलेस' २००८ चा. २०१० मध्ये त्याला 'अल्बम ऑफ द इयर'चं ग्रॅमी मिळालं, तेव्हा टेलरबाई अवघ्या वीस वर्षांच्या होत्या. २०२१ मध्ये तीच गाणी, तेच शब्द, गिटारही तिथेच वाजते जिथे आधी वाजायची. फरक फक्त आवाजात. शाळेतल्या प्रेमाची गाणी आता ३१ वर्षांची बाई गात होती. सोबत पूर्वी कपाटात राहिलेली सहा गाणी. एकूण २६.

मग हा खटाटोप का? तर मंडळी, मामला प्रॉपर्टीचा आहे.

एका गाण्यात मालमत्ता दोन असतात. एक म्हणजे गाणं, शब्द आणि चाल. दुसरी म्हणजे त्याचं रेकॉर्डिंग, ज्याला इंडस्ट्रीत 'मास्टर' म्हणतात. टेलर गाणी स्वतः लिहिते (कधी एकटी, कधी जोडीने), त्यामुळे पहिल्या मालमत्तेवर तिचा हक्क होता. पण पंधराव्या वर्षी नॅशव्हिलच्या बिग मशीन रेकॉर्ड्सशी तिने करार केला, त्यानुसार पहिल्या सहा अल्बम्सचे मास्टर्स कंपनीचे. थोडक्यात, शेत कसणारी ही, आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं!

२०१८ मध्ये करार संपला, ती दुसऱ्या कंपनीकडे गेली. तिच्या म्हणण्यानुसार जुन्या कंपनीची ऑफर होती, एक नवा अल्बम द्या, एक जुना परत घ्या. बिग बझारच्या सेलसारखी स्कीम! तिने ती घेतली नाही. जून २०१९ मध्ये स्कूटर ब्रॉनने बिग मशीन विकत घेतली, बातम्यांनुसार साधारण ३० कोटी डॉलरना. मास्टर्सही सोबत गेले. ब्रॉनशी तिचं आधीच बिनसलेलं होतं. २०२० मध्ये त्याने ते मास्टर्स पुढे शॅमरॉक कॅपिटल नावाच्या गुंतवणूक कंपनीला विकले. बाईंची डायरी या हातातून त्या हातात, आणि बाई बघत बसलेल्या.

पण करारात एक फट होती. ठरावीक मुदत संपली की गायक तीच गाणी पुन्हा रेकॉर्ड करू शकतो. शिवाय सिनेमात किंवा जाहिरातीत गाणं वापरायचं तर मास्टरच्या मालकासोबत गीतकार-संगीतकाराचीही परवानगी लागते, आणि ती टेलरच्या खिशात. म्हणजे नवं रेकॉर्डिंग करायचं, जुन्याला 'नाही' म्हणायचं आणि चाहत्यांना सांगायचं, आता हे ऐका. सही फंडा!

'फिअरलेस' ही पहिली चाल. अमेरिकेच्या बिलबोर्ड चार्टवर थेट नंबर एक. मग २०२१ मध्येच 'रेड', २०२३ मध्ये 'स्पीक नाऊ' आणि '१९८९'. या शेवटच्याने तर पहिल्या आठवड्यात अमेरिकेत १६ लाखांचा आकडा ओलांडला, २०१४ च्या मूळ अल्बमपेक्षाही जास्त. आणि ३० मे २०२५ ला तिने जाहीर केलं की शॅमरॉककडून सगळे मास्टर्स तिने विकत घेतले. स्वतःचीच गाणी, स्वतःच्याच पैशांनी.

आता तुम्ही म्हणाल, तिच्याकडे पैसा आहे, फॅन्स आहेत, तिला काय! बरोबर आहे. २०२३ मध्ये बातम्या आल्या की रेकॉर्ड कंपन्या नव्या करारांत पुन्हा रेकॉर्डिंग न करण्याची मुदत दहा, पंधरा, अगदी तीस वर्षांपर्यंत वाढवायला बघतायत. तिने दार उघडलं आणि मागून येणाऱ्यांसाठी कडी लागायला लागली. पुढच्या पंधरा वर्षांच्या पोरीने काय करायचं?

आपल्याकडेही हे भांडण जुनंच आहे. १९६० च्या दशकात लतादीदींनी गायकांना रॉयल्टी हवी असा आग्रह धरला. मोहम्मद रफींचं मत वेगळं होतं, मानधन मिळालं की विषय संपला. त्यावरून दोघांनी काही वर्षं एकत्र गाणंच बंद केलं! २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीने सिनेमाच्या गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा राखून ठेवला. कितीही सह्या घ्या, तो हक्क निर्मात्याला देऊन टाकता येत नाही.

आता आपल्यावर येऊ. तुम्ही नोकरीत असाल तर कामाचा भाग म्हणून केलेलं डिझाइन, कोड, रात्री दोनला संपवलेलं प्रेझेंटेशन, सगळ्याची पहिली मालक कायद्याने कंपनी. वेगळं काही ठरलं असेल तरच अपवाद. फ्रीलान्सरचं जरा वेगळं. मी लिहिलेल्या लेखाची पहिली मालक मी, लेखी करार करून हक्क देत नाही तोवर. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. गंमत म्हणजे मुदत लिहिलेली असतेच! एका ठिकाणच्या आठ पानी करारात माझं मानधन एका ओळीत होतं आणि 'सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमचे' हे दीड पानात. मी 'कायमचे' खोडून 'दोन वर्षं' लिहिलं आणि पाठवलं. तिकडून उत्तर आलं नाही. कामही आलं नाही. त्या महिन्याचं घरभाडं जाम टेन्शनमध्ये गेलं, पण लेख माझ्याकडे आहे.

प्रत्येकाला असं खोडता येत नाही, ईएमआय कुणाला चुकलेत? पण वाचता तर येतं. तेव्हा या वीकएंडला ऑफर लेटरची ती पीडीएफ उघडा, सॅलरीचं पान ओलांडून पुढे जा आणि तुमचं काय काय कुणाच्या नावावर आहे ते बघा. सोबतीला 'फिअरलेस' लावा. कुठलंही व्हर्जन चालेल, आता दोन्ही तिचीच आहेत.