चिठ्ठीवर न मावणारे उपचार : नाशिकमध्ये कोणत्या दारात जायचे?

रक्तदाबाची गोळी मी लिहून देऊ शकतो. पण ती गोळी २० तारखेला संपते आणि घरात पगार ७ तारखेला येतो, याला चिठ्ठीवर जागा नसते. पक्षाघात झालेल्या आईची दर दोन तासांनी कूस बदला, असे मी सांगतो. मुलगा अंबडला दुसऱ्या पाळीत आणि सून शाळेत असेल, तर ती कूस कोण बदलणार? क्षयरोग झालेल्या माणसाला ‘चौरस आहार घ्या’ म्हणायला दोन सेकंद लागतात. त्याचा रोज बुडालेला असतो आणि घरमालकाला आजार कळू नये म्हणून तो औषधेही लपवून ठेवत असतो.

अशा वेळी घरचे लोक विचारतात, ‘डॉक्टर, यासाठी कुठे काही मिळतं का?’ नाशिकपुरते उत्तर ‘हो, बरेच मिळते’ असे आहे. मात्र जे मिळते ते वेगवेगळ्या कार्यालयांत विखुरलेले आहे आणि तुम्हाला एका दारातून दुसऱ्या दारात नेऊन सोडणे हे कोणाचेच ठरलेले काम नाही. सध्या ते काम नातेवाईक करतात, तेही रुग्ण आत असताना, हातात फाइल आणि फोनची बॅटरी संपत आलेली. या लेखात ती दारे कोणाची आहेत हे आधी पाहू. मग जोडणारा माणूस का नाही, याकडे वळू.

दवाखाना सरकारी, पण कोणत्या सरकारचा?

आपण सगळ्यालाच ‘सरकारी’ म्हणतो आणि तिथेच गोंधळ सुरू होतो. त्र्यंबक रोडवरचे जिल्हा रुग्णालय, म्हणजे आपले ‘सिव्हिल’, आणि शालिमारचे विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय राज्य शासनाचे. नाशिकरोडचे बिटको, कथड्याचे डॉ. झाकिर हुसेन, पंचवटीचे इंदिरा गांधी आणि सिडकोत मोरवाडीचे रुग्णालय ही महापालिकेची. सातपूरचे ईएसआय रुग्णालय कामगार विम्याचे. शिवाय ट्रस्टची मोठी रुग्णालये आहेत, ती धर्मादाय आयुक्तांच्या नियमांखाली येतात. मालक चार, म्हणून नियम चार आणि कागदही चार प्रकारचे.

याचा तुमच्या खिशाशी थेट संबंध आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार नि:शुल्क झाले. नाशिकचे संदर्भ सेवा रुग्णालयही त्यात आहे आणि तिथे हृदय, मूत्रपिंड, कर्करोग असे महागडे आजार पाहिले जातात. तो निर्णय महापालिकेच्या रुग्णालयांसाठी नव्हता, त्यांचे दर महापालिका ठरवते. तेव्हा ‘सरकारीत सगळं फुकट आहे ना?’ या प्रश्नाचे उत्तर इमारतीवरच्या पाटीवर अवलंबून असते. पाटी वाचा.

ईएसआयकडे थोडे जास्त थांबतो, कारण सातपूर-अंबडच्या शहरात हेच दार सर्वांत कमी ठोठावले जाते. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या आणि कायदा लागू असलेल्या कारखान्यातल्या किंवा आस्थापनेतल्या कामगाराच्या वेतनातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. कंत्राटी कामगारही त्यात येतो. या पैशांत कामगारासोबत त्याच्या कुटुंबाचाही उपचार धरलेला आहे. त्याखेरीज आजारपणात घरी बसावे लागले तर, हप्त्यांची अट पूर्ण असल्यास, वर्षात ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. क्षयरोगासारख्या लांबणाऱ्या काही आजारांत, नोकरी पुरेशी जुनी असेल तर, ही मुदत आणखी वाढते. माझ्याकडे खोकला घेऊन येणाऱ्या तरुणांना मी आता पगाराची चिठ्ठी दाखवायला सांगतो. कपात दिसते, पण ती कशाची हे अनेकांना ठाऊक नसते. काही जण तर पाच-सहा वर्षे पैसे भरून खासगीत रोख मोजत असतात. तुमच्या घरात कोणी कंपनीत असेल, तर आज संध्याकाळी ती चिठ्ठी बघाच. कपात होते आणि विमा क्रमांक मात्र दिलेला नाही, असे असेल तर ठेकेदाराला लेखी विचारा.

धर्मादाय रुग्णालयांचे तसेच. मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये आहे. तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून स्थिर करायचे, कागदाचे नंतर, असेही त्यात आहे. प्रवेशद्वारावर ‘धर्मादाय’ लिहिलेले असते. ते वाचून आत जाणारे थोडे, आणि काउंटरवर तो शब्द उच्चारणारे त्याहून थोडे. संकोच करू नका. ही सवलत म्हणजे कोणी केलेले उपकार नव्हेत. या संस्थांना ट्रस्ट म्हणून जे फायदे मिळतात, त्यांच्यासोबत आलेली ही जबाबदारी आहे.

कागद आजाराच्या आधी तयार हवेत

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचे सध्याचे रूप असे : राज्यातल्या सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांसाठी वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण, आणि यादीतल्या आजारांवर योजनेतल्या रुग्णालयात भरती होऊन उपचार. पिवळे किंवा केशरीच नव्हे, पांढरे रेशनकार्डही चालते. सर्दी-तापाच्या बाह्यरुग्ण तपासणीला ही योजना नाही. वय ७० च्या पुढे असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न न बघता आयुष्मान भारतचे वेगळे कार्ड निघते.

योजना चांगली आहे, पण ती बहुतेक वेळा अडते ती रेशनकार्डावर. कार्ड जुने असते आणि त्याचा १२ अंकी ऑनलाइन क्रमांकच नसतो. लग्न होऊन वर्ष झालेल्या सुनेचे नाव माहेरच्या कार्डातून कमी केलेले असते आणि सासरच्या कार्डात चढवलेले नसते. बाळंतपणात गुंतागुंत झाली की मध्यरात्री हे कळते. आधारवरचे नाव ‘लक्ष्मीबाई’ आणि कार्डावर ‘लक्ष्मी’ एवढ्यानेही फेऱ्या पडतात. म्हणून घरी सगळे ठणठणीत असताना, एका सुटीच्या दिवशी, सर्वांची आधार कार्डे आणि रेशनकार्ड शेजारी ठेवून नावे ताडून पाहा. आरोग्य तपासणीच्या ज्या पॅकेजच्या जाहिराती तुम्हाला येतात, त्यातल्या निम्म्या चाचण्यांपेक्षा ही तपासणी जास्त उपयोगाची आहे, हे माझे वैयक्तिक मत.

रुग्ण दाखल असेल तर बिलिंगच्या खिडकीवर जाण्याआधी ‘आरोग्यमित्र’ कुठे बसतात ते विचारा. योजनेतल्या रुग्णालयात ते असतात. वेळ अगदी थोडा असेल तर दूरध्वनीवरून तात्पुरती मंजुरी घेऊन उपचार सुरू करण्याची सोय आहे. सरकारी रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवा अधीक्षक शोधा. हे पद फार कमी नातेवाईकांना माहीत असते, आणि पैसा, निवारा, पुनर्वसन, बेवारस रुग्ण असे सगळे प्रश्न त्यांच्याच टेबलावर जातात.

घरी आणल्यानंतर

रुग्णालयातून सुटी मिळाली की शासनाची बहुतेक दारे बंद होतात. नाशिकचा स्वभाव मात्र इथे उपयोगी पडतो. फाउलर कॉट, व्हीलचेअर, वॉकर, प्राणवायू यंत्र या वस्तू विकत घेण्याआधी चौकशी करा. राष्ट्रीय स्वयंसेवक संघ जनकल्याण समितीची रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आहेत. रोटरी-लायन्सचे क्लब आणि ज्ञातीची मंडळेही हे काम करतात. अनामत ठेवायची, नाममात्र भाडे द्यायचे, काम झाले की वस्तू परत. तीन महिन्यांच्या गरजेसाठी हजारो रुपयांची कॉट घेऊन नंतर ती गच्चीवर गंजलेली मी कितीतरी घरांत पाहिली आहे.

कॉट अशी मिळते, कूस बदलणारे हात मिळत नाहीत. पगारी परिचर अनेक घरांना परवडत नाही. केरळात मलप्पुरम आणि कोळिकोड भागात शेजारपाजारच्या लोकांनीच थोडे प्रशिक्षण घेऊन घरोघरी रुग्णसेवा उभी केली. २००८ मध्ये त्या राज्याने त्यासाठी धोरण केले आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना त्यात गोवले. आपल्याकडे कॉलनीकॉलनीत ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, विरंगुळा केंद्रे आहेत, सकाळी जॉगिंग ट्रॅकवर चालणारे शेकडो धडधाकट निवृत्त लोक आहेत. मुले पुण्यात किंवा परदेशात असलेली जोडपी याच कॉलन्यांत राहतात. संघाच्या पंधरवड्याच्या सभेत एक व्याख्यान कमी करून ‘आपल्यात सध्या अंथरुणावर कोण आहे?’ एवढी यादी केली, तरी सुरुवात होईल. आठवड्यातून दोनदा कोणी तासभर येऊन बसले, तर सांभाळणारी बाई निदान बाजारात जाऊन येते. सांभाळणाऱ्याची पाठ आणि झोप गेली की माझ्याकडे एका घरातून दोन रुग्ण येऊ लागतात.

जोडणारा माणूस

राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियान २०१३ मध्ये आले तेव्हा हा माणूस कागदावर होता. वस्त्यांत २०० ते ५०० घरांमागे एक आशाताई, आणि ५० ते १०० घरांमागे एक महिला आरोग्य समिती, तिला वर्षाला ५,००० रुपयांचा निधी. जिथे आशाताई टिकून आहेत, तिथे क्षयरोग्याच्या खात्यात पोषणाचे दरमहा १,००० रुपये वेळेवर लागतात आणि गरोदर बाईची नोंदही वेळेत होते. पण आशाची रचना झोपडपट्टीसाठी आहे. सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरात, सातपूरच्या रो-हाउसमध्ये भाड्याने राहणारे कुटुंब या नकाशाबाहेर पडते. ते गरिबांच्या यादीत नसते आणि विमा घेण्याइतके सुस्थितीतही नसते.

त्यांच्यासाठी आजवर हे काम नगरसेवकाच्या कार्यालयाने केले. पत्र, रुग्णवाहिका, ‘साहेबांचा फोन’. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढची जवळपास चार वर्षे प्रशासकाच्या कारभारात गेली. त्या काळात हा आधार किती तकलादू होता ते लोकांना कळले. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली, पुन्हा नगरसेवक आले. फोन पुन्हा होतील. पण फोनवर मिळालेली खाट ओळख असलेल्याला मिळते, आणि ज्याला सर्वांत जास्त गरज असते त्याची ओळख सर्वांत कमी असते.

जगात यावर काही प्रयोग झाले आहेत. इंग्लंडमध्ये २०१९ पासून फॅमिली डॉक्टरांच्या जोडीला असे दुवा जोडणारे कर्मचारी नेमले जाऊ लागले. डॉक्टर रुग्णाला त्यांच्याकडे पाठवतात, ते त्याला कर्ज-सल्ल्यापासून चालण्याच्या गटापर्यंत योग्य ठिकाणी नेतात. आजार किती कमी झाले, याचे पुरावे अजून संमिश्र आहेत. मुंबईत तर हे त्याच्या कितीतरी आधी घडले : २००० च्या सुमारास वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेने ‘दिलासा’ केंद्र सुरू केले. मार लागून आलेल्या बाईला टाके घालून घरी पाठवायचे नाही, तर त्याच इमारतीत समुपदेशक, कायद्याची मदत आणि निवाऱ्याचा पत्ता द्यायचा. यासाठी नवी इमारत लागली नव्हती. एक खोली आणि प्रशिक्षित माणसे लागली.

नाशिकमध्ये सध्या २०२७ च्या सिंहस्थाची तयारी चालू आहे. रस्ते, घाट, पूल, भाविकांसाठीची आरोग्यव्यवस्था यांवर मोठा खर्च होतो आहे, आणि तो आवश्यकही आहे. पण शहरी आरोग्य केंद्राचा निकष ५० हजार लोकांमागे एक असा आहे. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती, म्हणजे तेव्हाच ३० केंद्रे हवी होती. नंतर पाथर्डी फाट्यापासून आडगावपर्यंत शहर किती पसरले ते तुम्ही रोज पाहता. नवे आकडे २०२७ च्या जनगणनेनंतर येतील. तोवर प्रत्येक केंद्रात एक मदत टेबल आणि त्यावर या चारही मालकांच्या योजना ठाऊक असलेली एक व्यक्ती, एवढी मागणी तुमच्या प्रभागातल्या नव्या नगरसेवकाकडे करता येईल. खाटेसाठी फोन मागण्याऐवजी हे मागा. एक पगार लागतो, टेंडर लागत नाही.

तोपर्यंत हे क्रमांक कालनिर्णयच्या मागच्या पानावर ठळक लिहून ठेवा. रुग्णवाहिका १०८. जन आरोग्य योजनेची चौकशी १५५३८८, आयुष्मान भारत १४५५५. मन अस्वस्थ असेल, जीव नकोसा वाटत असेल तर टेलिमानस १४४१६, दिवस-रात्र चालू. ज्येष्ठांसाठी १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८. हिंसेचा प्रसंग आला तर महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८. फक्त मोबाइलमध्ये साठवू नका. दुपारी घरात एकट्या असलेल्या आजींना त्याचे कुलूप उघडता येत नाही.