चंडीगड घडवणाऱ्या पत्रांना एक सूची हवी

चंडीगड सिमेंट-काँक्रीटनं उभं राहिलं, तितकंच पत्रांनीही. ती पत्रं आज जगभर विखुरलेली आहेत आणि एका ठिकाणी बसून त्यांत हवं ते शोधण्याची सोय नाही. ही सोय व्हावी, आणि लवकर व्हावी, यासाठी हा लेख.

१९४७च्या फाळणीत लाहोर गेलं आणि भारताच्या वाट्याला आलेला पंजाब राजधानीविना उरला. नव्या राजधानीचा पहिला आराखडा अमेरिकेतल्या अल्बर्ट मेयर यांनी मॅथ्यू नोविकी यांच्या साथीनं केला. ऑगस्ट १९५०मध्ये नोविकी विमान अपघातात दगावले. त्याच वर्षाअखेर प्रशासक पी. एन. थापर आणि मुख्य अभियंता पी. एल. वर्मा नव्या वास्तुरचनाकाराच्या शोधात युरोपला गेले आणि पॅरिसमध्ये ल कॉर्बुझिए यांचा होकार घेऊन परतले.

कॉर्बुझिए मात्र चंडीगडला राहायला आले नाहीत. वर्षातून साधारण दोनदा ते यायचे, बाकीचे महिने काम पॅरिसहून चालायचं. जागेवर राहिले ते त्यांच्या नात्यातले भाऊ पिएर झानरे. पहिली तीन वर्षं मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू हे दांपत्यही सोबत होतं. त्यांच्या हाताखाली तरुण भारतीय वास्तुरचनाकारांची फळी होती: एम. एन. शर्मा, आदित्य प्रकाश, फ्रेंच उत्तम जाणणाऱ्या ऊर्मिला युली चौधरी. त्याच यादीत ए. आर. प्रभावळकर आणि जे. एस. देठे ही नावंही आहेत आणि मराठी वाचकाची नजर तिथे थबकते. दोन खंडांत वाटलेलं हे काम टपालानं जोडलेलं होतं. इथून प्रश्न जात, तिथून नकाशे आणि उत्तरं येत. वाद, मतभेद, तडजोडी, पैशांची ओढाताण, सगळं लिहूनच चाले. एखादी भिंत अशीच का, याचं उत्तर पुष्कळदा एखाद्या पत्रातच सापडतं.

आता हे कागद कुठे आहेत ते पाहा. चंडीगडमध्ये सेक्टर १९मधल्या जुन्या वास्तुरचना कार्यालयात ल कॉर्बुझिए सेंटर आहे, तिथे मूळ पत्रं आणि नकाशे आहेत. कॉर्बुझिए यांचा स्वतःचा संग्रह पॅरिसच्या ल कॉर्बुझिए फाउंडेशनकडे आहे. झानरे यांचे कागद कॅनडात, माँट्रियलच्या वास्तुकला केंद्रात आहेत. फ्राय आणि ड्रू यांचे लंडनला, मेयर यांचे शिकागो विद्यापीठाच्या ग्रंथालयात. तत्कालीन पंतप्रधान पंडित नेहरूंचा पत्रव्यवहार दिल्लीत. प्रश्न एका कपाटात आणि उत्तर हजारो मैलांवरच्या दुसऱ्या कपाटात, अशी ही स्थिती. दोन्ही कपाटं नीट जपलेली असली, तरी जोडणारा दुवा नसेल तर संवाद तुटलेलाच राहतो.

एवढा खटाटोप कशासाठी, असं कुणी विचारील. त्याची उत्तरं चंडीगडच्याच इतिहासात आहेत.

शहराचं बोधचिन्ह ठरलेला ‘उघडा हात’ आज २६ मीटर उंच उभा आहे. कॉर्बुझिए गेले १९६५मध्ये आणि हे शिल्प उभं राहिलं १९८५मध्ये. कर्ता गेल्यावर वीस वर्षांनी त्याची कल्पना प्रत्यक्षात आली, कारण त्याची रेखाटनं आणि त्यामागचा विचार कागदावर शिल्लक होता.

दुसरं उदाहरण न्यायालयातलं आहे. शहराच्या पहिल्या टप्प्यातल्या, म्हणजे सेक्टर १ ते ३०मधल्या, एका कुटुंबासाठी आखलेल्या घरांचे मजल्यागणिक फ्लॅट पडू लागले, तेव्हा तिथल्या रहिवाशांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. १० जानेवारी २०२३ रोजी न्यायालयानं त्याला अटकाव केला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती भूषण गवई मूळचे अमरावतीचे, पुढे ते देशाचे सरन्यायाधीश झाले. शहराची मूळ संकल्पना काय होती, हा त्या निकालाचा गाभा होता. म्हणजे सत्तर वर्षांपूर्वीचा विचार आजच्या माणसाच्या घराचं भवितव्य ठरवतो. तो विचार ज्या कागदांत आहे, ते सामान्य रहिवाशालाही सापडायला हवेत.

तिसरी गोष्ट नुकसानीची आहे. सरकारी कचेऱ्यांसाठी आणि पंजाब विद्यापीठासाठी झानरे यांच्या देखरेखीखाली सागवान आणि वेताच्या खुर्च्या, टेबलं, बाकं बनली. वर्षानुवर्षं ती भंगार म्हणून लिलावात निघाली आणि परदेशच्या लिलावगृहांत लाखोंनी विकली गेली. २०११मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयानं अशा विक्रीला बंदी घातली. त्यानंतरच्या मोजदादीत १२,७९३ वस्तूंची नोंद झाली. ही यादी आधी असती तर काय गेलं, किती गेलं, हे बोट ठेवून सांगता आलं असतं. नोंद नसलेली वस्तू गेली तरी कळत नाही. कागदांनाही हाच नियम लागू आहे.

कुणी म्हणेल, कागदांची छायाचित्रं काढून संकेतस्थळावर टाकली की झालं. तसं होत नाही. हजारो पानांची चित्रं एकाखाली एक टाकली, तर बंद कपाटाच्या जागी उघडं कपाट येतं, एवढाच फरक पडतो. हस्ताक्षर यंत्राला सहजी वाचता येत नाही. काही पत्रं फ्रेंचमध्ये, काही इंग्रजीत. एकाच माणसाचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं, एकच इमारत कधी नावानं तर कधी सेक्टरच्या क्रमांकानं ओळखलेली. म्हणून प्रत्येक पत्रासाठी निदान एवढी नोंद हवी: कुणी लिहिलं, कुणाला लिहिलं, तारीख, भाषा, कोणती इमारत किंवा सेक्टर, सोबत जोडलेला नकाशा आणि दोन ओळींत आशय. ही नोंद झाली की विधानसभेच्या छताविषयी या सगळ्या शहरांतलं सारं लिखाण क्षणात एकत्र येईल.

मराठी माणसाला हे दुःख नवं नाही. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ जमवली. १८९८मध्ये पहिला खंड निघाला आणि पुढे ही मालिका २२ खंडांपर्यंत गेली. गो. स. सरदेसायांनी पुण्याच्या पेशवे दफ्तरातून १९३०पासून अवघ्या चार वर्षांत निवडक कागदांचे ४५ खंड काढले. निवडून छापलेले कागद अभ्यासकांच्या हाती आले, त्यांतून इतिहास लिहिला गेला. मोडी कागदांचे जे रुमाल उघडलेच गेले नाहीत, ते आजही वाचकाची वाट पाहत आहेत. दफ्तर असणं आणि दफ्तरातलं सापडणं यांतलं अंतर आपल्याइतकं कुणाला कळणार?

चंडीगडला हे काम जमण्यासारखंही आहे. पंजाब डिजिटल लायब्ररी ही संस्था त्याच शहरातली. २००३पासून तिनं जुन्या पोथ्या, हस्तलिखितं आणि वर्तमानपत्रं संगणकावर आणली आणि २००९पासून लोकांना घरबसल्या खुली केली. अनुभवी माणसं गावातच आहेत. १९६१पासूनचं चंडीगड वास्तुकला महाविद्यालय आहे. १७ जुलै २०१६ रोजी सात देशांतल्या १७ कॉर्बुझिए-वास्तूंपैकी एक म्हणून, विधानसभा जिथे आहे त्या कॅपिटल कॉम्प्लेक्सला जागतिक वारशाचा मान मिळाला, तेव्हा या सात देशांच्या सहकार्याची वाटही तयार आहे.

वेळ मात्र थांबत नाही. पन्नाशीच्या दशकातला कागद पिवळा पडून तुकडे होतो, निळ्या प्रतींवरच्या रेषा उडतात. हस्ताक्षर ओळखणारी, प्रसंग आठवणारी माणसंही फारशी उरली नाहीत. ऊर्मिला चौधरी १९९५मध्ये गेल्या, आदित्य प्रकाश २००८मध्ये. पॅरिसच्या कचेरीत कॉर्बुझिए यांच्यापाशी शिकलेले, पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी २०२३मध्ये गेले.

म्हणून चंडीगड प्रशासनाला विनंती आहे: आपल्या ताब्यातल्या पत्रांची सूची आधी करा, ती सर्वांना खुली ठेवा, मग पॅरिस, माँट्रियल, लंडन, शिकागो आणि दिल्लीला ती जोडून घेण्याचं निमंत्रण द्या. त्या काळी राजधानी प्रकल्पात काम केलेल्यांच्या कुटुंबांनो, ट्रंकेत पडलेली पत्रं रद्दीत घालू नका. मूळ स्वतःकडे ठेवा, पण नोंदीसाठी संस्थेला दाखवा. पुण्यामुंबईत फ्रेंच शिकणाऱ्यांनो, वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनो, संगणकात मुरलेल्या तरुणांनो, रोज एक पत्र वाचून त्याची नोंद करायला तुमच्यासारख्यांचेच हात लागणार आहेत. चंडीगडला पत्र लिहा, मदतीची तयारी कळवा आणि हे काम सुरू होईपर्यंत विचारत राहा.