नखांची रोजकीर्द

'नखशिखांत' हा शब्द आपण सहज वापरतो, पण त्यात शेंडीच्याही आधी नखाला मान दिला आहे हे फारसे कुणाच्या ध्यानात येत नाही. व्यवहारात मात्र नखाची पत शून्य! एखाद्याला कमी लेखायचे झाले तर 'त्याला अमक्याच्या नखाची सर नाही' म्हणायचे, आणि रविवारी सकाळी नखे कापली की कागदात गुंडाळून टाकून द्यायची. या टाकाऊ वस्तूकडे महिन्यातून एकदा तरी उजेडात बसून नीट पाहावे, असे माझे मत आहे. पण पाहून झाल्यावर तिथेच थांबू नये, हेही माझे मत आहे. या लेखात मला दोन्ही सांगायचे आहे.

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. वैद्यकाशी माझा संबंध वाचनापुरता. परंतु वहीखाते म्हणजे काय ते मला थोडेफार कळते, आणि नख ही मला शरीराची रोजकीर्द वाटते. नखाच्या मुळाशी दररोज नवी नोंद होते आणि जुनी नोंद पुढे सरकते. हाताचे नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढते, म्हणजे मुळाशी झालेली नोंद टोकाला पोहोचायला सुमारे सहा महिने लागतात. पायाच्या नखाला वर्ष-दीड वर्ष लागते. हाताच्या बोटांवर आपण गेल्या सहा महिन्यांची कीर्द घेऊन फिरत असतो!

ही केवळ उपमा नाही. बो नावाच्या फ्रेंच डॉक्टराने 1846 साली असे दाखवून दिले की मोठ्या दुखण्यात नखाची वाढ काही काळ थांबते आणि त्या जागी आडवी खाच उरते. पुढे ही खाच नखाबरोबर सरकत राहते. ती मुळापासून 6 मिलिमीटरवर असेल, तर दुखणे सुमारे दोन महिन्यांपूर्वी येऊन गेले असा हिशेब मांडता येतो. विल्यम बीन या अमेरिकन डॉक्टराने तर स्वतःच्या अंगठ्याच्या नखाच्या वाढीची नोंद पस्तीस वर्षे ठेवली आणि 1980 साली ती प्रसिद्ध केली. वयाच्या 32 व्या वर्षी त्याचे नख दिवसाला 0.123 मिलिमीटर वाढत होते. 67 व्या वर्षी ही वाढ 0.095 वर आली. शरीराची उलाढाल वयाबरोबर कशी मंदावते, ते या दोन आकड्यांतच दिसते.

आता आणखी काही नोंदी पाहू. शरीरात लोह फार काळ कमी पडले तर नख पातळ होते, मधोमध खोलगट होते आणि कडा वर येतात. त्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो ठरून राहतो. याउलट बोटांची टोके फुगून नखे पोपटाच्या चोचीसारखी बाकदार होत असतील, तर फुप्फुसाचा किंवा हृदयाचा जुना विकार असू शकतो. हे लक्षण हिपोक्रेटिसच्या काळापासून ठाऊक आहे. त्याची परीक्षा शामरॉथ या दक्षिण आफ्रिकेतील हृदयरोगतज्ज्ञाने 1976 साली स्वतःच्याच आजारपणावरून सांगितली. दोन्ही हातांची तीच बोटे नखाला नख टेकवून धरावीत. निरोगी माणसाच्या नखांमध्ये मुळाशी शंकरपाळ्याच्या आकाराची बारीक फट दिसते. ती नाहीशी झाली असेल तर डॉक्टर गाठावा. (हे वाचता वाचता तुम्ही बोटे जुळवून पाहिलीत ना? हरकत नाही, मीही तेच केले होते.) यकृताच्या जुन्या विकारात जवळजवळ सगळे नख पांढरे पडून टोकाशी तेवढी तांबूस पट्टी उरते, असे टेरी या डॉक्टराने 1954 मध्ये नोंदवले.

एवढे वाचून कुणी लगेच नखे पाहून भविष्य सांगू लागेल, म्हणून थोडे थांबते. नखाविषयी आपल्याकडे जेवढ्या समजुती आहेत तेवढ्या क्वचितच कशाविषयी असतील. लहानपणी आकाशातून बगळ्यांची माळ जाताना दिसली की आम्ही नखे पुढे करून त्यांच्याकडे पांढरा ठिपका मागत असू. ठिपका उमटला की नवे कपडे मिळणार! मोठे झाल्यावर तोच ठिपका 'कॅल्शियम कमी आहे' असे सांगू लागतो आणि औषधाच्या दुकानातून गोळ्यांची बाटली घरी येते. खरे पाहता बहुतेक पांढरे ठिपके नखाच्या मुळाला लागलेल्या बारीकशा धक्क्याने उमटतात. बाक सरकवताना, कडी लावताना, नख कुरतडताना लागते आणि आपण विसरतो. ठिपका दिसतो तो काही आठवड्यांनी. त्याचा कॅल्शियमशी संबंध नाही आणि बगळ्याशीही नाही. उभ्या बारीक रेघांचेही तसेच; वयाबरोबर त्या वाढतातच. आपल्यासारख्या सावळ्या लोकांच्या अनेक नखांवर तपकिरी उभ्या रेघा असतात, त्याही बहुधा निरुपद्रवी. मात्र एकाच नखावर नवी काळसर रेघ उमटली आणि ती रुंद होत चालली, तर ती दाखवून घेण्यात दिरंगाई नको.

हिशेब तपासनीस कीर्दीतली नोंद पाहून समाधान मानत नाही, तो व्हाउचर मागतो. नखाच्या बाबतीत हीच शिस्त पाळायला हवी. खूण एकाच नखावर असेल तर बहुधा मार लागला असेल किंवा बुरशी असेल; सगळ्याच नखांवर असेल तर प्रश्न शरीराचा. आणि शरीराचा प्रश्न असेल तर त्याचे व्हाउचर म्हणजे रक्ताची तपासणी.

याच ठिकाणी मला आपल्या कॉलेजाविषयी बोलायचे आहे. नखाखालचा गुलाबी रंग हा रक्ताचा रंग. तो फिका पडणे म्हणजे रक्त कमी असणे, हे आपल्या आजीलाही ठाऊक होते. पण नख स्पष्टपणे फिके दिसेपर्यंत रक्त बरेच उतरलेले असते. म्हणून फिके नख ही धोक्याची सूचना मानावी, परंतु गुलाबी नख हे निरोगीपणाचे प्रमाणपत्र मानू नये. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण 25 टक्के होते. म्हणजे आपल्या वर्गात मुलींच्या बाकावर दोघी बसल्या असतील, तर त्यांतल्या एकीचे खाते तुटीत असण्याचा संभव आहे. आणि आपण त्यावर रंग लावतो! नेलपॉलिश लावण्याला माझी हरकत नाही, मीही लावते. पण ताळेबंद सजवून दाखवण्याला आमच्या पुस्तकात 'विंडो ड्रेसिंग' म्हणतात, आणि शस्त्रक्रियेच्या आधी नर्सबाई नखांचा रंग पुसायला सांगतात त्याचे कारण हेच की त्यांना खरा आकडा पाहायचा असतो.

दरवर्षी आपल्याकडे रक्तदान शिबिर होते. रक्त देण्यासाठी हिमोग्लोबिन निदान 12.5 ग्रॅम असावे लागते. बोटाला सुई टोचली जाते आणि मुलींची रांग पाहता पाहता ओसरते. 'तुझे रक्त कमी आहे, पुढच्या वर्षी ये,' एवढे सांगून मुलीला परत पाठवतात. तिने पुढच्या वर्षापर्यंत काय करावे हे कुणी सांगत नाही. रक्त दिले त्याला प्रमाणपत्र, बिस्किटे आणि फळांचा रस मिळतो. जिला खरी गरज आहे ती रिकाम्या हाताने वर्गात येऊन बसते. तिला जिना चढताना धाप लागते, तिसऱ्या तासाला डोळे मिटू लागतात, आणि आपण म्हणतो, 'हिचे अभ्यासात लक्ष नाही.' शाळेत असताना आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी तरी मिळत असे. ती गिळणारे किती आणि खिडकीबाहेर टाकणारे किती, हा भाग वेगळा. कॉलेजात आल्यावर गोळीही गेली आणि विचारणाराही गेला.

माझी सूचना अगदी साधी आहे. शिबिरातून परत पाठवलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात आकडा लिहिलेली चिठ्ठी द्यावी, त्याला सरकारी दवाखान्याकडे पाठवावे आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे. लोहाच्या गोळ्या तिथे मोफत मिळतात. त्या काही महिने घ्याव्या लागतात, आणि आकडा सुधारल्यावरही डॉक्टर सांगतील तोवर चालू ठेवाव्या लागतात. कारण आधी चालू खाते भरते, ठेव नंतर साठते. गोळ्यांनी शौचाचा रंग काळा होतो, त्याला घाबरून त्या बंद करू नयेत. जेवणात पालेभाज्या, कडधान्ये, अळिवाचे लाडू असावेत, वर लिंबू पिळावे आणि जेवल्याबरोबर चहा घेऊ नये. चहा अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. आपल्या गावात हा शेवटचा नियम सर्वांत कठीण, हे मी जाणून आहे!

एवढे करूनही आकडा सुधारला नाही, तर कारण शोधायला हवे. पाळीत जादा रक्त जाणे हे मोठे कारण असते, आणि आपल्या मुली त्याविषयी आईजवळही बोलत नाहीत. शेतात अनवाणी चालणाऱ्यांच्या पायातून शिरणारे आकड्याचे जंत हे दुसरे कारण.

या अंकाचा कन्नड विभाग उलटून वाचणाऱ्या माझ्या मैत्रिणींना एक म्हण ठाऊक असेल : 'उगुरिनल्लि होगोदक्के कोडली याके?' नखाने निघण्यासारखे असेल त्याला कुऱ्हाड कशाला? म्हण कन्नड असली तरी रक्त कमी असलेल्या मुली दोन्ही विभागांत आहेत. आज जे एका सुईच्या टोचणीने कळते आणि गोळ्यांच्या पाकिटाने भागते, तेच उद्या बाळंतपणात रक्ताच्या बाटल्या मागते. तेव्हा मैत्रिणींनो, येत्या रविवारी नखांचा रंग पुसा, खिडकीपाशी बसून दहाही बोटे नीट पाहा, आणि सोमवारी रक्त तपासून घ्या.