शेवटाची तारीख आणि आजचं काम



हळवं भात खळ्यावर आलं आहे, गरवं अजून शेतात उभं आहे, आणि दिवाळी दारात आली आहे. भातसेकाठच्या सापगावपासून मुरबाडच्या डोंगरकडेपर्यंत हे दिवस पुढच्या वर्षाचा विचार करण्याचे. बियाणं बाजूला काढायचं, देणं फेडायचं, मुलीचं लग्न ठरवायचं. म्हणूनच यंदाचा अंक भविष्याच्या विचाराला वाहिला आहे. या पानासाठी त्यातला एक अवघड भाग निवडला: जगाच्या शेवटाबद्दल ख्रिस्ती धर्म काय सांगतो, आणि त्याच्या नावावर काय काय खपवलं जातं.

शहापूर आणि मुरबाड या आपल्या दोन तालुक्यांत ख्रिस्ती घरं थोडी, मग हा विषय आपल्याकडे कशाला, असं कुणी विचारील. पण २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात असलेल्या वसईत पोर्तुगीज काळापासूनचा ख्रिस्ती समाज आहे. तो आपला शेजारी आहे. शिवाय घबराट धर्म विचारून घरात शिरत नाही. फेब्रुवारी १९६२ मध्ये आठ ग्रह एका राशीत येण्याच्या, म्हणजे अष्टग्रहीच्या धास्तीने देशभर यज्ञयाग झाले. जुलै १९७९ मध्ये स्कायलॅब हे अंतराळस्थानक आपल्याच डोक्यावर पडणार म्हणून खेडोपाडी लोक हवालदिल झाले. ते पडलं हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात. कोरोनाच्या काळात बायबलचा दाखला देऊन लस ही ‘श्वापदाची खूण’ असल्याची अफवा जगभर फिरली. पश्चिम आशियात युद्ध पेटलं की शेवट जवळ आल्याचे व्हिडिओ आजही मोबाइलवर येतात. ते पाहून भिणाऱ्या माणसाला मूळ गोष्ट नीट सांगणं हे आम्ही आमचं काम मानतो.

मूळ श्रद्धा साधी आहे. ख्रिस्त पुन्हा येईल, मेलेले उठतील, न्याय होईल आणि देव सृष्टी नवी करील. कॅथलिक असोत की प्रोटेस्टंट, एवढं सगळे मानतात. बायबलमधल्या ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्याचा अर्थ कसा लावायचा, यावर मात्र त्यांच्यात जुने मतभेद आहेत. काही जण ते राज्य पुढे पृथ्वीवर येणार असं मानतात, तर काहींच्या मते ते वर्णन मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, आजच्याच काळाचं आहे. पण तारखेबद्दल मार्काच्या शुभवर्तमानात येशू स्वतःच निर्वाळा देतो: तो दिवस आणि ती घटका देवदूतांनाही ठाऊक नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला आहे. एवढं स्वच्छ सांगितलेलं असतानाही आकडेमोड थांबली नाही. अमेरिकेतल्या विल्यम मिलर या शेतकऱ्याने बायबलमधल्या दानिएलाच्या पुस्तकातल्या दिवसांवरून हिशेब मांडला. त्याच्या अनुयायांनी ख्रिस्ताच्या येण्याची २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली आणि काहींनी त्या सुगीत उभं पीक काढलंच नाही. तो दिवस आला तसा गेला. हॅरॉल्ड कॅम्पिंग या रेडिओवरच्या प्रवचनकाराने २१ मे २०११ ही तारीख जाहीर केली, ती चुकल्यावर २१ ऑक्टोबर सांगितली. त्याच्या शब्दावर नोकऱ्या आणि आयुष्याची पुंजी सोडून बसलेल्यांचे हाल आम्हाला हसण्याजोगे वाटत नाहीत. श्रद्धा त्यांची खरी होती. फसवणूक हिशेबाने केली.

सर्वांत जास्त ओढाताण होते ती बायबलमधल्या शेवटच्या, प्रकटीकरणाच्या पुस्तकाची. बहुतेक अभ्यासक ते पहिल्या शतकाच्या अखेरचं मानतात. आजच्या तुर्कस्तानातल्या इफिस, स्मुर्णा, पर्गम अशा सात नगरांतल्या मंडळ्यांना उद्देशून ते लिहिलं गेलं. त्या माणसांवर रोमन साम्राज्याचा दाब होता. त्यातली बाबेल नगरी म्हणजे रोम, हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. श्वापदाचा म्हणून दिलेल्या ६६६ या आकड्यात अनेक अभ्यासकांना नीरो कैसर हे नाव दिसतं, कारण हिब्रू अक्षरांना आकड्यांची किंमत असते. काही जुन्या हस्तलिखितांत हाच आकडा ६१६ असा आहे. ज्याच्या नावाने इतकी भीती घातली जाते तो ख्रिस्तविरोधी या पुस्तकात नावानिशी कुठेच येत नाही. तो येतो योहानाच्या पत्रांत, आणि तिथे असे पुष्कळ जण आधीच आल्याचं म्हटलं आहे. छळ सोसणाऱ्यांना धीर देण्यासाठी लिहिलेल्या पुस्तकातून आजचे बारकोड आणि लशी शोधून काढणं हा त्या सोसणाऱ्यांवरही अन्याय आहे.

बायबलमधल्या संदेष्ट्यांच्या वाणीचा अर्थ योना या संदेष्ट्याच्या गोष्टीत सापडतो. चाळीस दिवसांत निनवे उलथून पडेल, असं त्याने त्या नगरात पुकारलं. राजापासून रंकापर्यंत सगळे पस्तावले, वागणं बदललं, आणि नगर वाचलं. मग योनाचं भाकीत खोटं ठरलं का? भातसा धरणाचे दरवाजे उघडण्याआधी नदीकाठच्या गावांना इशारा मिळतो. लोक वेळेत हलले आणि कुणी बुडालं नाही, तर त्या इशाऱ्याचं सार्थक झालं. संदेष्ट्याची वाणीही अशीच, माणसाने हलावं म्हणून असते.

शेवट आलाच म्हणून हातपाय गाळणारे अगदी पहिल्या ख्रिस्ती लोकांतही होते. थेस्सलनीकाच्या मंडळीत काही जण कामधंदा सोडून बसले. प्रेषित पौलाने त्यांना खडसावलं की ज्याला काम करायचं नाही त्याने खाऊही नये.

शेवटाची वाट पाहत कामही करत राहणाऱ्या श्रद्धेचं महाराष्ट्रातलं सर्वांत उजळ उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. आईवडील आणि बहीण त्यांनी दुष्काळातच गमावली होती. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन ही स्त्रियांसाठीची शाळा काढली. १८९६-९७ मध्ये एकीकडे दुष्काळ, दुसरीकडे प्लेग. प्रकटीकरणातल्या घोडेस्वारांबरोबर येते तीच उपासमार आणि रोगराई तेव्हा मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर होती. तारखा मांडायला याहून सोयीचा काळ कुठला? रमाबाई मात्र मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेने मरणाऱ्या शेकडो मुलींना घेऊन आल्या. दौंडजवळच्या केडगावात मुक्ती सदन उभं राहिलं. तिथे विहिरी खणल्या, शेती केली, माग चालवले, छापखाना घातला. १९०५ मध्ये त्याच केडगावात प्रार्थनेची मोठी लाट उसळली, पण मुलींचं शिकणं आणि राबणं थांबलं नाही. रमाबाईंनी मूळ भाषांवरून बायबल मराठीत आणलं आणि त्याच्या छपाईत या मुलींचे हात होते. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, १९२४ मध्ये ग्रंथ बाहेर आला. ख्रिस्ताच्या येण्यावर दृढ विश्वास असलेली बाई पुढच्या पिढ्यांसाठी विहिरी खणत होती, यात आम्हाला विसंगती दिसत नाही. त्या श्रद्धेचं खरं रूप हेच आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानात शेवटच्या न्यायाचं वर्णन आहे. तिथे कुणी किती अचूक भाकीत केलं हे विचारलं जात नाही. भुकेल्याला जेवू घातलं का, उघड्याला वस्त्र दिलं का, आजाऱ्याची विचारपूस केली का, एवढंच विचारलं जातं. या प्रश्नांना आपल्या तालुक्यांत आजचा पत्ता आहे. दिवाळी सरली की कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघतात आणि त्यांच्या मुलांची शाळा सुटते. तेव्हा शेवटाची तारीख सांगणारा संदेश तुमच्या मोबाइलवर आला, तर तो पुढे पाठवू नका. तो कुणाला भीती घालतो, कुणाकडून पैसे मागतो आणि कुठल्या कर्तव्यापासून तुम्हाला दूर नेतो, हे तपासा. मग गावच्या शाळेत जा, यंदा किती मुलं भट्टीवर जाणार ते विचारा, आणि ती मागे राहून शिकावीत म्हणून हंगामी वसतिगृहाची मागणी ग्रामसभेत लावून धरा.