नणंदेची गोळी

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात आमच्या घरी रात्री तीन वाजताचे दृश्य ठरलेले असे. ह्यांच्या अंगावर दोन पांघरुणे, डोक्याला कानटोपी, आणि वर माझ्यासाठी पंखा पाचावर! छातीतून एक वाफ वर सरकायची, मान, कानशिले तापायची आणि पाठ घामाने चिंब. खेळ दोन-चार मिनिटांचाच, पण झोप गेली ती गेली. पाळी जाऊन दीड वर्ष झाले होते. नेहमीच्या डॉक्टरांना सांगितले तर म्हणाले, ‘‘या वयात व्हायचंच.’’ विषय संपला.

संक्रांतीला वन्सं आल्या. माझा अवतार बघून त्यांनी पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली. ‘‘घे, रोज एक. मी महिन्याभरात माणसात आले.’’ गोळी इस्ट्रोजेनची होती. मीही महिन्याभरात माणसात आले. पुढच्या पट्ट्या कोपऱ्यावरच्या केमिस्टने चिठ्ठी न मागता दिल्या. सात महिने सुखाची झोप लागली आणि आठव्या महिन्यात एका सकाळी डाग दिसला.

पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक थेंब जरी दिसला तरी तपासणी करायची, एवढे ऐकून ठाऊक होते. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी पट्टी हातात घेतली आणि विचारले, ‘‘नणंदेची पिशवी काढली आहे का?’’ काढली होती, गाठींमुळे. ‘‘आणि तुमची?’’ माझी जागच्या जागी होती.

सगळी गोम इथेच आहे. इस्ट्रोजेन गर्भाशयाचे अस्तर वाढवते. पाळी चालू असते तेव्हा प्रोजेस्टेरॉन त्या वाढीला लगाम घालते आणि पुढे ते अस्तर गळून जाते. एकटेच इस्ट्रोजेन रोज पोटात गेले तर लगाम घालणारे कोणी उरत नाही. अस्तर जाड होत जाते आणि काही जणींना त्याचा कर्करोग होतो. अमेरिकेत १९४२ पासून गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेले इस्ट्रोजेन विकले जात होते, चिरतारुण्याचे औषध म्हणून त्याचा गाजावाजाही झाला. हा धोका १९७५ मध्ये उघड झाला. तेव्हापासून नियम साधा आहे. पिशवी काढलेल्या बाईला एकटे इस्ट्रोजेन चालते; पिशवी असलेल्या बाईला सोबत प्रोजेस्टेरॉन हवेच. म्हणजे वन्संची गोळी वन्संसाठी अगदी बरोबर होती. आणि आपल्याकडे पिशवी काढलेल्या बायका कमी आहेत का? बीड जिल्ह्यात ऊसतोडणीला जाणाऱ्या सुमारे ८२ हजार बायकांची २०१९ मध्ये सरकारी पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. एकीची आहे, दुसरीची नाही, अशा जावा-नणंदा कितीतरी घरांत असतील, आणि औषधांची देवघेव तर आपण लोणच्यासारखी करतो.

सोनोग्राफीत अस्तर जाड निघाले. क्युरेटिंग झाले, तुकडा तपासायला गेला. रिपोर्टला आठ दिवस. त्या आठ दिवसांत मी घरातले एकूण एक कपाट आवरले, आणि वन्संचा फोन आला की ह्यांना घ्यायला लावला. रिपोर्टमध्ये साधी वाढ निघाली, कर्करोग नव्हता.

आता गोळी कायमची बंद, असे मी धरूनच चालले होते. बाईंनी मात्र नवी चिठ्ठी लिहायला घेतली. मी घाबरून म्हटले, ‘‘पण ह्यानं छातीचा कॅन्सर होतो ना?’’ ही भीती बहुतेक २००२ सालची. त्या वर्षी अमेरिकेतला साडेसोळा हजार बायकांवरचा अभ्यास मध्येच थांबवला गेला. दोन्ही संप्रेरके एकत्र घेणाऱ्या दहा हजार बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाच्या आठ केसेस जास्त आढळल्या होत्या. त्या बायकांचे सरासरी वय ६३ होते, हे मात्र मथळ्यात आले नाही. साठीच्या आत, किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत, खरा त्रास असलेल्या निरोगी बाईने सुरुवात केली तर बहुधा फायद्याचे पारडे जड राहते, असे आज मानतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवरचे बरेच ठळक इशारे उतरवायचे जाहीर केले. गर्भाशय असताना एकट्या इस्ट्रोजेनचा इशारा मात्र ठेवला. तो का, हे मला कोणी सांगायला नको.

चिठ्ठीआधी बाईंनी अर्धा तास प्रश्न विचारले. स्तनाचा कर्करोग झाला होता का? पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी? हृदयविकार, पक्षाघात, यकृताचा आजार? यातले काही असते तर ही गोळी मिळाली नसती; वाफांवर संप्रेरकांवाचूनचीही औषधे आहेत. गोळी यकृतातून जाते म्हणून गुठळीचा धोका थोडा वाढतो. त्वचेवरच्या जेलने किंवा पट्टीने तो तितका वाढत नाही. मग रक्तदाब, मॅमोग्राफी, आणि वर्षातून एकदा ‘अजून हवी का’ हा प्रश्न. मला आता जेल आणि रात्री प्रोजेस्टेरॉनची गोळी आहे.

राग मला वन्संचा आला नाही. त्यांनी मायेने दिली. राग आला तो ‘व्हायचंच’ म्हणणाऱ्या डॉक्टरांचा आणि चिठ्ठी न मागणाऱ्या दुकानदाराचा. पहिल्याने अर्धा तास दिला असता तर दुसऱ्याकडे जायची वेळच आली नसती. आणि थोडा माझाही. पाच रुपयांच्या पेनची गॅरंटी विचारणारी मी, गोळीबद्दल एक शब्द विचारला नाही.

शेवटी वन्संना फोन करून सगळे सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाल्या, ‘‘अगं, दोन पट्ट्या मी धाकट्या जावेलाही दिल्यात. तिची पिशवी आहे.’’ त्या संध्याकाळी जावेचा फोन लागेना. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता लागला.