रबडी लिहून खावी

वजन उतरवायचं असेल तर आवडीचं खाणं आधी ताटातून घालवा, आणि कॅलरी मोजत मोजत रबडी खाणारा माणूस स्वतःलाच फसवत असतो, असं एक आहारव्याख्याते सध्या आमच्या जिल्ह्यात सांगत फिरताहेत. परवाच्या भाषणात त्यांनी उदाहरण दिलं ते मेळघाटातल्या सेमाडोहच्या रबडीचं. चिखलदऱ्याला जाऊन आलेली माणसं येताना सेमाडोहला थांबून द्रोण चाटून येतात आणि मग सोमवारी वजनकाट्यावर उभी राहून हळहळतात, असं म्हणून त्यांनी सभागृहाला हसवलं. मला हसू आलं नाही. राग आला, तो अजून उतरलेला नाही.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. रबडी, खवा, शेगावची कचोरी, अमरावतीचा गिलावडा, बहिरमच्या यात्रेतले रोडगे, हे सगळं विष आहे. विषाचा हिशेब ठेवत नसतात, ते टाळतात. कॅलरी मोजणं हे खात्यापित्या शहरी लोकांचं खूळ आहे. ते आकडे तसेही खोटे असतात. आणि एक चमचा खाल्ला की माणूस वाटी संपवल्याशिवाय थांबत नाही. संपलं त्यांचं शास्त्र.

आधी रबडीचाच हिशेब करू, कारण त्यांनी तो केलाच नाही. एक लिटर म्हशीच्या दुधात साधारण हजार किलोकॅलरी असतात. व्यवहारात आपण ज्याला कॅलरी म्हणतो ती ही किलोकॅलरीच. दूध आटवत आटवत तिसऱ्या हिश्श्यावर आणलं आणि त्यात साठ ग्रॅम साखर घातली, तर साखरेच्या 240 आणखी. चारशे ग्रॅमच्या आसपास रबडी उतरते. म्हणजे शंभर ग्रॅमच्या वाटीत तीनशेच्या जवळपास. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 2020 साली बैठं काम करणाऱ्या पुरुषाची दिवसाची गरज 2110 आणि बाईची 1660 धरली आहे. तेव्हा रबडीची वाटी ही पुरुषाच्या दिवसातला सातवा हिस्सा आणि बाईच्या दिवसातला पाचवा-सहावा हिस्सा खाते. हा आकडा लहान नाही, मी तो लहान म्हणत नाही. पण तो वहीत मावतो. लिहिता येतो, आणि उरलेल्या दिवसातून वजा करता येतो. ज्याच्या वहीत तो लिहिला जातो तो माणूस स्वतःला कुठे फसवतो, हे व्याख्यात्यांनी सांगावं.

आता खरा मुद्दा. व्याख्यात्यांच्या सगळ्या भाषणात तेल हा शब्द एकदाही आला नाही.

वऱ्हाडातल्या घरात पंधरा किलोचा तेलाचा डबा येतो. चार माणसांच्या घरात तो तीन महिने पुरला, तरी आमच्याकडे त्याला काटकसरीचं घर म्हणतात. भागाकार करून पाहा: माणशी रोज जवळजवळ 42 ग्रॅम तेल. एका ग्रॅमला नऊ किलोकॅलरी. म्हणजे माणशी रोज पावणेचारशे. सेमाडोहच्या वाटीपेक्षा जास्त, आणि ते रोज, वर्षाचे 365 दिवस. कुणी द्रोण चाटला नाही, कुणाला अपराधी वाटलं नाही. वांग्याच्या भाजीवर बोटभर तर्री तरंगली की आम्ही म्हणतो, भाजी झकास झाली. फोडणीत तेल कमी पडलं तर पाहुण्यासमोर लाज वाटते. त्यातच दिवसाचे चार चहा धरा. प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे आठ चमचे, चाळीस ग्रॅम, 160 किलोकॅलरी. दूध वेगळं. संध्याकाळी चिवड्याच्या डब्यात हात गेला तर मूठभर शेंगदाण्यांचे दीडशे सहज. या सगळ्याला आपण खाणं म्हणतच नाही. डॉक्टरांनी विचारलं की सांगतो, दोन वेळचं साधं जेवण, बाकी काही नाही. आणि महिन्यातून एकदा खाल्लेली रबडी मात्र तारीखवार आठवते, कारण ती आवडली होती. दोष नेमका तिच्यावर जातो.

व्याख्यात्यांची बंदी हे दुखणं बरं करत नाही, वाढवते. त्यांचं ऐकून माणूस घरी येतो, रबडी सोडतो, कचोरी सोडतो, सणाची पुरणपोळीही सोडतो, आणि आपण मोठा त्याग केला या समाधानात रोजची तर्री तशीच ओरपतो. महिन्याने काटा हलत नाही. मग तो म्हणतो, मी तर सगळं सोडलं, माझी प्रकृतीच अशी आहे. बहिरमच्या यात्रेला डिसेंबर-जानेवारीत अख्खा जिल्हा लोटतो. हंडीतलं मटण, गोवऱ्यांवर भाजलेले आणि तुपात बुडवलेले रोडगे. तिथे हा वर्षभराचा उपाशी मनाचा माणूस एकदाच बसतो आणि ताट वाढणाऱ्याला थांब म्हणत नाही. कारण आज नियम मोडलाच आहे, मग अर्धा कशाला मोडायचा. बंदी घातलेलं खाणं कुणी अर्धं खात नाही. मोजलेलं खाणं अर्ध्यावर थांबवता येतं, कारण अर्ध्यालाही आकडा असतो. तुपात बुडवलेल्या रोडग्याऐवजी वर एक चमचा तूप सोडलेला रोडगा खा, पंगतीतून उठल्यावर आठवणीने लिहा, इतकं साधं सांगायला व्याख्यात्यांची हरकत का असावी? टाळ्या मिळत नाहीत एवढीच ना?

कॅलरी मोजण्याचा जन्मच आवडीच्या खाण्याच्या बाजूने झाला, हेही त्यांना ठाऊक नसावं. अमेरिकेतल्या लुलू हंट पीटर्स या डॉक्टर बाईंनी 1918 साली ‘डाएट अँड हेल्थ’ हे पुस्तक लिहिलं. सामान्य घरातल्या बायकांना कॅलरी मोजायला शिकवणारं पहिलं गाजलेलं पुस्तक ते. त्यात त्यांनी साय, लोणी, मिठाई यांना दार बंद केलं नाही. खा, पण हिशेबात खा, असं सांगितलं. शंभर वर्षं उलटून गेली तरी आमच्याकडे मोजणाऱ्याने उकडलेला दुधी भोपळाच खाल्ला पाहिजे, ही समजूत कायम आहे.

आकडे खोटे असतात, हा त्यांचा दुसरा वार. आकडे अंदाजे असतात, खोटे नसतात. पिष्ट आणि प्रथिनांच्या ग्रॅमला चार, स्निग्धाच्या ग्रॅमला नऊ, हे गुणक एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ॲटवॉटर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने प्रयोगांवरून बसवले. आमच्या ज्वारीच्या, तुरीच्या, म्हशीच्या दुधाच्या तपासण्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने केल्या आणि त्यांचे तक्ते छापले. त्यात शंभराला पाच-दहाची चूक राहते, हे खरं. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी तर एकाच माणसाची गरज दिवसागणिक कमीजास्त होते, असं मांडून मोठा वाद ओढवून घेतला होता. त्यांचे सगळे निष्कर्ष पटोत न पटोत, एक गोष्ट त्यातून घेण्यासारखी आहे: एका दिवसाच्या आकड्यावर निवाडा करू नये. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7700 किलोकॅलरी धरतात. रोज तीनशे कमी खाल्ले तर तिला पाऊण महिन्याहून थोडा जास्त वेळ लागतो. वहीतली चूक चार आठवड्यांत वजनकाटा दाखवून देतो. बंदीतली चूक दाखवायला काटाही नाही नि वहीही नाही.

खात्यापित्यांचं खूळ, हा त्यांचा तिसरा वार, आणि हा मला सगळ्यात झोंबला, कारण तो त्यांनी सेमाडोहचं नाव घेऊन केला. परतवाड्याहून धारणीच्या रस्त्याने घाट ओलांडून सिपना नदीकाठी उतरलं की हे गाव लागतं. 1974 साली जाहीर झालेल्या मेळघाट व्याघ्र प्रकल्पातलं. भोवती कोरकूंची वस्ती, आणि म्हशी राखणारे गवळी. याच मुलखातल्या गाविलगडाचं नाव गवळ्यांवरून पडल्याचं सांगतात. जंगलातलं दूध शहरापर्यंत पोचेस्तोवर नासतं, म्हणून ते आटवायचं. रबडी नि खवा हे इथे चैनीपोटी जन्मले नाहीत, दूध वाया जाऊ नये म्हणून जन्मले. ते विकून घरं चालतात.

आणि याच मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या याचिका 1990 च्या दशकापासून उच्च न्यायालयात चालल्या आहेत. इथल्या अंगणवाडीत पोराला काट्यावर ठेवतात ते त्याचं वजन वाढलं का हे पाहायला. कॅलरीचा आकडा आपल्या देशाने कुणासाठी वापरला? पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 1971 साली देशातलं दारिद्र्य मोजलं ते माणशी रोज 2250 कॅलरी या मापाने. 1979 मध्ये नियोजन आयोगाच्या कृतिगटाने खेड्यासाठी 2400 आणि शहरासाठी 2100 धरले. उपाशी कोण, हे ठरवण्यासाठी जे माप वापरलं, त्याला खूळ म्हणणं हा उपाशी माणसाचा अपमान आहे.

याहून पुढची गोष्ट. तीव्र कुपोषित मूल सावरायला लागलं की त्याला देण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने जो दुधाचा आहार ठरवला, त्याचं नाव एफ-100. शंभर मिलिलिटरला शंभर किलोकॅलरी. त्यात काय असतं? दूध, साखर, तेल, आणि क्षार-जीवनसत्त्वांचं मिश्रण. दूध, साखर आणि स्निग्ध, म्हणजे व्याख्यात्यांनी विष ठरवलेल्या रबडीत असतात त्याच तीन गोष्टी. अमरावतीतल्या बैठ्या माणसाला ज्या जास्त होतात, त्याच मेळघाटातल्या हाडं दिसणाऱ्या पोराला मोजून-मापून दवा म्हणून दिल्या जातात. वस्तू तीच, फरक मापाचा आणि माणसाचा. मग विष कशाला म्हणता? ज्या गावच्या पोरांना पुरेसं दूध मिळत नाही त्या गावच्या दुधाच्या कढईकडे बोट दाखवून विष म्हणायला जीभ कशी रेटते?

असल्या भांडणांचा मला जुना अनुभव आहे. काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रात दोनदाच खा म्हणणारे आणि दर दोन तासांनी खा म्हणणारे असे दोन तट पडले होते. लग्नाच्या मांडवात सोयरे एकमेकांशी बोलेनासे झाले. मी तेव्हाही विचारत होतो की किती वेळा हे ठीक, पण किती खाता? दोन्ही तटांनी मला दुसऱ्या तटाचा माणूस ठरवलं. त्याआधी डालड्याविरुद्ध तूप असं भांडण होतं, तिथेही तेच. कोणतं, कधी, कुणाबरोबर यावर तासन्‌तास बोलायचं, आणि किती हा प्रश्न आला की विषय बदलायचा. आमच्या तालमीतल्या जुन्या वस्तादांना हे जास्त कळत होतं. खुराक सांगताना ते जोर-बैठका आधी विचारत. जोर कमी झाले की दूध कमी.

एक चमचा खाल्ला की वाटी संपते, या शेवटच्या मुद्द्याला उत्तर सोपं आहे: वाटी लहान घ्या.

मग माझं म्हणणं काय? फार मोठं नाही. आपल्या दिवसाची गरज ठरवा, त्यातून तीनशे वजा करा, त्याहून जास्त ओढाताण नको. सकाळीच ठरवा की आज रबडी खायची आहे, आणि ती खाण्याआधी लिहा. त्या दिवशीच्या भाजीत एक पळी तेल कमी टाका, दोन चहा बिनसाखरेचे प्या. शंभर ग्रॅमची वाटी दोघांत घ्या. बसून, हळू, चवीने खा, चोरून नको. आठवड्यातून एकदा काट्यावर उभे राहा. मधुमेह असेल तर हा हिशेब तुमच्या डॉक्टरसमोर बसून करा. वाढत्या वयाच्या पोरांनी आणि गरोदर बाईने वजन उतरवायला असलं काही मोजू नये. आकड्यांनी ज्याची झोप उडते, अन्नाची भीती वाटायला लागते, त्यानेही वही मिटून ठेवावी.

व्याख्यात्यांना एक विनंती आहे. पुढच्या सभेत सेमाडोहचं नाव घेण्याआधी समोर बसलेल्यांना एवढंच विचारा की तुमच्या घरी तेलाचा डबा किती दिवस पुरतो आणि घरात माणसं किती. फळ्यावर भागाकार करून दाखवा. त्यानंतरही रबडीच दोषी आहे असं वाटलं, तर मला बोलवा. मी माझी वही घेऊन येतो.